बेंबडे सरांच्या जागी

उज्वला चेवले आमच्या शाळेत आली त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये वेळापत्रक दुरुस्त करत बसले होते. मुख्याध्यापक हालकुडे सर तिला घेऊन आत आले आणि म्हणाले, "प्रमोदिनी मॅडम, ह्या बेंबडे सरांच्या जागी आल्यात. नोव्हेंबरअखेरपर्यंत." मी मान वर केली, हसले, आणि बेंबडे सरांच्या सगळ्या तासांपुढे 'बदली' असं लिहून टाकलं. तिचं नाव विचारायचं मला सुचलं नाही. पुढचे आठ दिवस आम्ही सगळे तिला 'बदली मॅडम' म्हणत होतो. तीही त्या नावाला ओ द्यायची.

ही अहमदपूरची गोष्ट, करोनानंतर शाळा पुन्हा सुरळीत भरायला लागल्या त्या वर्षाची. मी तिथं मराठी शिकवते आणि वेळापत्रक लावायचं कामही माझ्याकडेच आहे. व्यंकट बेंबडे सर गणित शिकवायचे. तीस वर्षं नोकरी झालेली, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. आवाज असा, की दहावीच्या वर्गात ते प्रमेय सांगायला लागले की मैदानावरच्या मुलांनाही ऐकू जायचं. तो आवाज आदल्या दिवाळीपासून बसायला लागला. आधी काढे झाले, मग गोळ्या. उन्हाळ्यात नांदेडच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, तर स्वरयंत्रावर गाठ. जूनमध्ये शस्त्रक्रिया झाली. गाठ निघाली, जीव वाचला, पण आवाज गेला. सर बोलायला लागले की नुसती हवा यायची. फार जवळ जाऊन ऐकलं तर त्या हवेत शब्द सापडायचे.

उज्वला रेणापूर तालुक्यातल्या एका गावची सून. नवरा बजरंग शेती बघतो, मुलगी आरती तेव्हा चौथीत होती. एम.एस्सी., बी.एड. झालेली ही बाई अकरा वर्षं दुसऱ्यांच्या जागी शिकवत आली होती. कुणाची बाळंतपणाची रजा, कुणाचा मोडलेला पाय, कुणाचं लांबलेलं आजारपण. आमची तिची नववी शाळा. आठवडाभर अहमदपुरात खोली करून राहायची आणि शनिवारी शाळा सुटली की लातूरची एसटी धरायची.

स्टाफरूममध्ये बेंबडे सरांची खुर्ची रिकामीच होती, पण ती त्यावर बसली नाही. माठाशेजारी एक लाकडी स्टूल होतं, तिथं वह्या मांडीवर घेऊन तपासायची. आठव्या दिवशी मी म्हटलं, "अहो, ती खुर्ची मोकळी आहे की."

"राहू द्या की ओ मॅडम," ती म्हणाली. "सर येणारच हायेत ना माघारी."

सर परत येतील असं आमच्यापैकी कुणीच तेव्हा धरून चाललं नव्हतं. मला जरा ओशाळल्यासारखं झालं. त्या दिवशी मी तिला तिचं नाव विचारलं.

दहावी 'ब'ची पोरं तिला सारखी सांगायची, "मॅडम, आमचे सर असं शिकवत नव्हते." बदली शिक्षकाला हे वाक्य नवीन नसतं, आणि बहुतेक जण ते कानाआड करतात. उज्वलानं मुलांना विचारलं, "मग कसं शिकवायचे?" मुलांना नीट सांगता येईना. म्हणून एका मंगळवारी शाळा सुटल्यावर ती थेट सरांच्या घरी गेली.

सरांनी तेव्हा लोकांना भेटणं बंद केलं होतं. आम्ही सहकारी दोनदा जाऊन दारातूनच परत आलो होतो. दार सिंधुताईंनी उघडलं, म्हणजे सरांच्या पत्नीनं. "झोपलेत," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी आम्हालाही सांगितलं होतं.

"झोपू द्या," उज्वला म्हणाली. "सरांनी बोलायचं कामच न्हाई. मला एवढंच विचारायचंय, की नववीत त्रिकोणाच्या धड्याला पोरं कुठं अडली होती. उद्या मला तिथून पुढं जायचंय."

सिंधुताई आत गेल्या. बऱ्याच वेळानं बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आत या."

सरांच्या हातात नातवाची पाटी होती. त्यांनी त्रिकोणाबद्दल दोन ओळी लिहिल्या, पुसल्या, आणि मग मुलांबद्दल लिहायला लागले. शिवम आकृती न काढताच गणित सोडवत सुटतो, त्याला थांबवा. दिपालीला सगळं येतं, पण फळ्याजवळ यायला घाबरते, तिला आधी जागेवरून विचारा. पाटी भरली की उज्वला ते वहीत उतरवून घ्यायची आणि पाटी पुसून परत द्यायची. तासभर हे चाललं. सिंधुताई मला नंतर म्हणाल्या, "मॅडम, शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा त्यांनी चहा मागून घेतला त्या दिवशी."

मग मंगळवार आणि शुक्रवार ठरूनच गेले. उज्वला जायची, आठवड्यात काय झालं ते सांगायची, सर पाटीवर लिहायचे. कधीकधी भांडणही व्हायचं. ती म्हणायची ही पद्धत पोरांना जड जातीय, सर पाटीवर मोठ्या अक्षरात लिहायचे, 'जाऊ दे जड.' एकदोनदा मीही तिच्याबरोबर गेले. हळूहळू सर पाटी बाजूला ठेवून बोलायलाही लागले. तिला त्यांचं बोलणं आमच्या आधी कळायला लागलं होतं. ते काय म्हणाले हे मला तिच्याकडून समजून घ्यावं लागायचं, आणि मी त्यांच्याबरोबर एकोणीस वर्षं काम केलेलं!

ऑक्टोबरमध्ये हालकुडे सरांनी उज्वलाला बोलावलं. बेंबडे सर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज करणार असल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. "जागा रिकामी झाली तर मी संस्थेकडे तुमचं नाव सांगतो," ते तिला म्हणाले. "पुढचं माझ्या हातात नाही, पण तुमचं काम मी पाहिलंय." हालकुडे सर मनानं सरळ माणूस. त्यांनी हे चांगल्या बुद्धीनंच सांगितलं होतं.

मधल्या सुट्टीत उज्वला नळावर डबा धूत उभी होती. डबा केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी धूतच होती. मी जवळ गेले तेव्हा तिनं सगळं सांगितलं.

"मग चांगलंच आहे की," मी म्हणाले.

"मॅडम, ऐकलं तव्हा मला आधी आनंद झाला," ती म्हणाली. "लई आनंद झाला. आरतीला इथंच शाळेत घालता येईल, हेबी मनात येऊन गेलं. आन् मग सरांचं तोंड डोळ्यांपुढं आलं. तेव्हापासून मला कसंतरी होऊन राहिलंय."

"तू काही त्यांची जागा हिसकावत नाहीस, उज्वला."

"हाव, ते मला कळतंय. पण सरांना शिकवायचंय ओ. त्यांना घरी बसायचं न्हाई. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला हे नीट ठाऊक न्हाई, आन् मी गप बसले तर माझंच भलं हाय." तिनं डबा उलटा करून पाणी निथळलं. "असं कसं गप बसू?"

त्या शुक्रवारी ती सरांना म्हणाली, "सर, फळ्यावर मला वर्तुळ नीट काढता येत न्हाई. कंपास सरकतो. पुढच्या आठवड्यात स्पर्शिका सुरू करायचीय. तुम्ही नुसती आकृती काढून द्यायला या. बोलते मी."

सर नाही म्हणाले. सिंधुताईंनी मात्र सोमवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट खुर्चीवर टाकला आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. सर आले.

हालकुडे सर खिडकीतून पाहत होते. रजेवरचा माणूस वर्गात नको, हे त्यांना माहीत होतं. "मी आज बाहेरच्या कामात आहे," असं मला सांगून ते कार्यालयात जाऊन बसले.

सरांनी मोकळ्या हातानं वर्तुळ काढलं. एका झटक्यात, सुरुवात आणि शेवट बरोबर जुळवून. मुलांनी "वा!" केलं. सर वळले, केंद्रबिंदूवर बोट ठेवलं आणि सवयीनं बोलायला गेले. वर्ग रस्त्याच्या बाजूला होता. बाहेर एक ऑटो थांबलेली, वर पंख्याचा खडखडाट. त्या गोंगाटात सरांच्या तोंडून फुस्स असा आवाज आला आणि मागच्या बाकांवरून कुणीतरी हसलं. सरांनी खडू फळ्याच्या कडेला ठेवला, हात झटकले, आणि शांतपणे बाहेर गेले. फाटकापर्यंत त्यांनी मागं पाहिलं नाही.

उज्वलानं तास पूर्ण केला. मुलांना रागावली नाही. कोण हसलं हेही विचारलं नाही. शाळा सुटल्यावर ती माझ्याकडे आली. "चला मॅडम. आज मी एकटी न्हाई जाऊ शकत."

सर पलंगावर तसेच शर्टपँटमध्ये बसले होते. उज्वला खाली चटईवर बसली.

"सर, ते पोरगं घाबरून हसलं. मी पहिल्यांदा तुमचा आवाज ऐकला तव्हा मलाबी घाबरल्यासारखं झालं होतं. तुम्हाला सांगितलं न्हाई. आता मला सगळं कळतंय का न्हाई? मला दोन महिने लागले. त्यांना आठ दिवस तर द्या की ओ."

 सरांनी पाटी ओढली आणि लिहिलं, 'वर्ग रस्त्याकडेला आहे.'

उज्वलानं माझ्याकडे पाहिलं. ह्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. माझ्याकडे होतं. शाळेच्या मागच्या बाजूची कडुलिंबाजवळची खोली सगळ्यांत शांत, आणि ती नववी 'अ'ची, म्हणजे माझ्या वर्गाची. त्या खोलीसाठी मी पूर्वी एका सरांशी वर्षभर अबोला धरला होता. "उद्यापासून दहावी 'ब' माझ्या खोलीत बसेल," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वेळापत्रक पुसून नव्यानं लावलं. गणित तिसऱ्या तासाला आणलं, कारण त्या वेळी मैदानावर खेळाचा तास नसतो. त्यासाठी चार जणांचे तास हलले. एरवी एक तास हलवला तरी माझ्याशी वाद घालणारी मंडळी, या वेळी कुणी तक्रार केली नाही. विज्ञानाच्या बाई तर म्हणाल्या, "माझा शेवटचा तास करा, मी थांबीन." आमचे शिपाई अमृतराव मामा शिडी घेऊन त्या खोलीत गेले आणि पंखा उतरवून त्याचा खडखडाट काढूनच खाली आले. त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. उज्वलाला आमच्यात येऊन जेमतेम चार महिने झाले होते. ती कधी कुणाचा तास चुकू द्यायची नाही. कुणाला बरं नसलं की मागितल्याशिवाय त्यांचा वर्ग सांभाळायची. ते सगळ्यांच्या मनात साठत गेलं होतं, आम्हालाच कळलं नव्हतं.

सर गुरुवारी आले. मी दाराबाहेर उभी होते.

स्पर्शिकेचं प्रमेय अप्रत्यक्ष रीतीनं सिद्ध करतात. जे खोटं आहे ते आधी खरं मानायचं आणि मग त्यात विसंगती दाखवायची. उज्वलानं दोनदा समजावलं, मुलांच्या चेहऱ्यांवर काही उमटेना. तिनं सरांकडे पाहिलं. सर दोन पावलं पुढं आले, पहिल्या बाकाला टेकले आणि बोलले. पंखा बंद होता. लिंबावर एक साळुंकी ओरडत होती, तीही थांबली असावी.

"समजा... मी आज शाळेत आलोच नाही." सर थांबले. हातातला खडू वर धरला. "मग हा खडू... कुणी धरलाय?"

 दिपाली, जी फळ्याजवळ यायला घाबरायची, ती जागेवरूनच म्हणाली, "म्हणजे तुम्ही आलात, सर."

वर्ग हसला. सरही हसले. हसायला त्यांना आवाज लागत नव्हता. त्यानंतर तास संपेपर्यंत त्या खोलीत मी इतकी शांतता अनुभवली, की शेवटच्या बाकावरच्या मुलाची पेन्सिल खाली पडली तर सगळ्यांनी वळून पाहिलं.

नोव्हेंबर संपेपर्यंत दोघांनी मिळून शिकवलं. आधी ती जास्त बोलायची, मग कमी कमी. शेवटच्या आठवड्यात ती मागे उभी राहून नुसती ऐकत असायची. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज सरांनी केलाच नाही. एक डिसेंबरला ते रीतसर रुजू झाले, आणि उज्वलाचं काम संपलं.

बदली शिक्षकाला निरोप समारंभ नसतो. तो शेवटच्या दिवशी वह्या कपाटात ठेवतो आणि एसटी स्टँडवर जातो. उज्वला तशीच निघाली होती. हालकुडे सरांनी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. टेबलावर शाल आणि नारळ होता. मी तिची ओटी भरली. हालकुडे सर चार वाक्यं बोलले आणि अडखळले. त्यांना भाषणाची सवय असूनही त्या दिवशी जमलं नाही. मग बेंबडे सर उठले. आम्ही सगळे खुर्च्या पुढे ओढून बसलो.

"मॅडम," ते म्हणाले, "माझी पोरं तुम्ही नीट सांभाळलीत." एवढंच बोलून ते बसले.

उज्वला रडली. तोंडाला पदर लावून म्हणाली, "नऊ शाळा झाल्या ओ. आजवर कुणी एवढं केलं न्हाई माझं."  अमृतराव मामा तिची पिशवी घेऊन स्टँडपर्यंत गेले.

त्यानंतर ती फोनवरच भेटायची. कधी उदगीरच्या, कधी लातूरच्या शाळेतून. काही अडलं की सरांना निरोप पाठवायची, सर लिहून उत्तर द्यायचे.

दोन वर्षांनी, सप्टेंबरमध्ये, सकाळी सातला तिचा फोन आला. ती तेव्हा नांदेडच्या एका शाळेत होती, तिथल्या एक बाई बाळंतपणाला गेल्या म्हणून. आरतीला डेंग्यू झाला होता. लातूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं, प्लेटलेट्स उतरत होत्या. उज्वला तिच्या उशाशी बसून बोलत होती. "मॅडम, मला रजा न्हाई. आठ दिवस न्हाई गेले तर दुसरं कुणी बघावं लागंल म्हणलेत. त्यांचंबी बरोबर हाय, दहावी हाय. मी नोकरीसाठी फोन न्हाई केला. मला काही सुचून न्हाई राहिलं, म्हणून केला."

बेंबडे सर त्या मे महिन्यात निवृत्त झाले होते. मी त्यांना फक्त काय झालं ते कळवलं. त्यांचा उलट निरोप आला, 'कोणता धडा चालू आहे?'

हालकुडे सरांनी नांदेडच्या मुख्याध्यापिकांना स्वतः फोन केला आणि तीस वर्षं शिकवलेला माणूस विनामोबदला आठ दिवस यायला तयार आहे असं सांगितलं. आवाजाचंही सांगितलं. त्या म्हणाल्या, "येऊ द्या, बघू." दुसऱ्या दिवशी सकाळच्या नांदेड गाडीत सर आणि मी होतो. मुलांना आधी कुणीतरी सांगायला हवं म्हणून मी एक दिवस रजा टाकली होती. वर्गात मी म्हणाले, "हे बेंबडे सर. तुमच्या चेवले मॅडम येईपर्यंत शिकवतील. आजारपणामुळं त्यांचा आवाज हळू झालाय." पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिनं रस्त्याकडच्या खिडक्या लावून घेतल्या. सरांनी फळ्याकडे तोंड केलं. मी दुपारच्या गाडीनं परत आले.

आठ दिवस सर रोज अहमदपूर-नांदेड करत होते. सिंधुताई पहाटे उठून डबा द्यायच्या. त्यात चार माणसांना पुरेल एवढं असायचं, कारण पहिल्याच दिवशी तिथल्या शिक्षकांना कारळाची चटणी आवडली होती.

आरती सावरली. नवव्या दिवशी, शनिवारी, उज्वला लातूरहून थेट शाळेत आली. मीही गेले होते, सरांना घेऊन परत यायचं म्हणून. तिसरा तास चालू होता. ती मागच्या दारानं आत शिरली आणि रिकाम्या बाकावर बसली. सरांनी तिला पाहिलं, पण थांबले नाहीत. गणित पूर्ण करूनच त्यांनी खडू तिच्या हातात दिला.

सुट्टीत आम्ही स्टाफरूममध्ये गेलो. उज्वला तीन महिने त्या शाळेत होती, पण तिथल्या लोकांशी तिचं बोलणं नमस्कारापुरतंच. सर आठ दिवसांत सगळ्यांना नावानिशी ओळखत होते. त्यांनी डबा उघडला, एकेकाकडे हात केला आणि तिला सांगायला लागले, हे अंबरीश सर, इतिहास, ह्या वैष्णवी मॅडम, यांची मुलगी बारावीला आहे. आणि मग त्या सगळ्यांकडे वळून म्हणाले, "ह्या आमच्या मॅडम."

वैष्णवी मॅडमनी सरकून तिला शेजारी जागा केली. "या, बसा," त्या म्हणाल्या. "आरती आता जेवती का नीट?"

उज्वलाला कायमची नोकरी अजून लागलेली नाही. यंदा तिनं पुन्हा शिक्षक भरतीच्या परीक्षेचा फॉर्म भरलाय. त्या दुपारी मात्र ती पोटभर जेवली, आठ दिवसांत पहिल्यांदाच, आणि जेवताना तिला आरतीबद्दल किती बोलू आणि किती नको असं झालं होतं.